माशांना घालायचंच आहे, तर शिजवून घाला

बेळगाव, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात रोज कापल्या जाणाऱ्या कोंबड्यांची आतडी, मुंडकी, पिसं आणि रक्त माशांना घालावं की नाही, यावर चर्चा करायला आपल्याला उशीर झाला आहे. ते घातलं जातंच आहे. काही नाल्यातून वाहत नदीला मिळतं, काही रात्रीच्या टेम्पोतून कुणाच्या तरी तळ्यावर पोचतं, आणि उरलेलं कचराडेपोवर कुत्र्या-घारींच्या वाट्याला येतं. हे असंच चोरून, कच्चं आणि कुजलेलं जाऊ द्यायचं, की ताजं असताना गोळा करून, शिजवून, वाळवून, पोत्यावर नाव छापून उघडपणे विकायचं, एवढंच ठरवायचं बाकी आहे. मी दुसऱ्या बाजूचा आहे. पण काही अटींवर, आणि भांडायचं असेल तर त्या अटींवरच भांडायला हवं.

हा कचरा मुळात आला कुठून, ते आधी बघू. आपल्याकडं बकऱ्याचं फारसं काही वाया जात नाही. मटणाच्या दुकानात सकाळी रक्तीला गिऱ्हाईक उभं असतं, वजडी आदल्या दिवशी सांगून ठेवावी लागते, मुंडी आणि पायांचा भाव वेगळा. कातडं व्यापारी घेऊन जातो. अथणी-निपाणीकडच्या कारागिरांच्या हातची चप्पल ज्या नावानं विकली जाते त्या कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार अशा आठ जिल्ह्यांना मिळून. त्यात बेळगाव आहे. म्हणजे जनावराचं मांस सोडून जे उरतं त्याचं काहीतरी करायचं, ही इथं नवी गोष्ट नाही.

ब्रॉयलर कोंबडीनं ही घडी मोडली. घरची गावठी कोंबडी सणावाराला कापली जायची, तेव्हा पिसं परड्यात जायची आणि आतडी मांजराला. आता गल्लीगल्लीत चिकन सेंटर आहे. शहरातच नाही, दोन-अडीच हजार वस्तीच्या गावातही आहे. रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला अशा दुकानासमोर दहा मिनिटं उभं राहून बघा. मान कापलेली कोंबडी निळ्या पिंपात टाकली जाते, पिंप धडधडतं, मग शांत होतं. बहुतेक गिऱ्हाइकांना ‘विदाउट स्किन’ हवं असतं, त्यामुळे पिसं उपटण्याची यातायात न करता पिसांसकट कातडीच सदऱ्यासारखी ओढून काढली जाते. पोट फाडलं की काळीज आणि पोटा बाजूला, बाकी सगळं त्याच पिंपात. रक्त, पिसं, कातडी, चरबी, आतडी, आतड्यांतली विष्ठा, मुंडकं, सगळं एकत्र. दोन किलोच्या जिवंत कोंबडीतून गिऱ्हाइकाच्या पिशवीत सव्वा ते दीड किलोच्या आतबाहेर पडतं. उरलेलं पिंपात. दुपारपर्यंत पिंप तोंडापर्यंत भरलेलं असतं, आणि उन्हाळ्याचे दिवस असले तर दोन वाजता त्याच्यावरची माश्यांची भणभण रस्त्यापलीकडं ऐकू येते.

“घंटागाडीवाला हे घेत नाही ओ सर,” एका दुकानदारानं मला सांगितलं होतं. “टेम्पो येतोय रात्री. पिंप उचलतोय, रिकामं पिंप ठेवून जातोय. कुठं नेतोय ते आम्ही काय विचारत नाही.”

न विचारण्यात शहाणपण आहे. कारण त्यातला बराचसा माल जातो तो मगुरीच्या तळ्यांवर. आफ्रिकन मगूर, ज्याला बाजारात ‘थाई मगूर’ म्हणतात, तो मासा कच्चं, सडकं, काहीही खातो, गढूळ आणि जवळजवळ प्राणवायू नसलेल्या पाण्यातही तग धरतो, आणि भराभर वाढतो. तळ्याच्या मालकाला खाद्याचा खर्च जवळपास नाही. केंद्र सरकारनं या माशाच्या पालनावर २००० सालीच बंदी घातली आणि राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१९ च्या आदेशानंतर महाराष्ट्रात अशी तळी शोधून मासे नष्ट करण्याच्या मोहिमा झाल्या. पुरात तळं फुटलं की हा मासा ओढ्यातून नदीत शिरतो आणि तिथल्या माशांची पिल्लं खाऊन टाकतो. कृष्णेचा २०१९ चा आणि २०२१ चा पूर ज्यांनी चिकोडी-रायबाग-अथणीत पाहिलाय, त्यांना तळं आणि नदी यांच्यातली वरंबी किती तकलादू असते हे सांगावं लागणार नाही.

मगूर बाजूला ठेवला तरी कच्चं टाकण्यात मुळातच खोट आहे. मासा खातो त्यापेक्षा जास्त तळ्याच्या बुडाला जातं, तिथं कुजतं, पाण्यातला प्राणवायू ओढून घेतं आणि अमोनिया वाढवतं. आतड्यांतले साल्मोनेलासारखे जंतू पाण्यात उतरतात. कोंबड्यांना दिलेल्या प्रतिजैविकांचे अंश आणि त्यांना दाद न देणारे जंतूही त्यांच्याबरोबर येतात. कोलिस्टिन हे माणसासाठी शेवटचा उपाय म्हणून राखलेलं औषध. ते आपल्याकडं कोंबड्यांना वजन वाढावं म्हणून दिलं जायचं. २०१९ साली त्यावर बंदी आली. बंदी यावी लागली यावरूनच परिस्थिती कळते.

आता दुसरं टोक बघू. माशांचं तयार खाद्य, म्हणजे तरंगणाऱ्या गोळ्यांचं पोतं. त्यात काय असतं? सोयाबीनची पेंड, मका, कोंडा, आणि प्रथिनांसाठी फिशमील, म्हणजे वाळवून दळलेली मासळी. एक किलो फिशमीलला साधारण चार ते साडेचार किलो ताजी मासळी लागते. ही मासळी कुठली? मंगळूर-उडुपीच्या किनाऱ्यावर फिशमीलचे कारखाने आहेत, तिथं तारली आणि जाळ्यात आलेली बारीक मासळी जाते. पेरूच्या समुद्रातली अँकोव्हेटा ही जगातल्या फिशमीलची सगळ्यात मोठी खाण. २०२३ साली एल निनोमुळे तिथला पहिला हंगामच रद्द झाला आणि जगभर फिशमीलचे भाव चढले. केरळात २०१२ साली सुमारे ३ लाख ९० हजार टन तारली मिळाली होती, २०२१ साली साडेतीन हजार टनही नाही. याला समुद्राच्या पाण्यातले बदल हे मोठं कारण आहे, सगळा दोष कारखान्यांच्या माथी मारता येणार नाही. पण ज्या माशाचा असा भरवसा नाही, तो दळून दुसऱ्या माशाला घालायचा हा व्यवहार टिकणारा नाही, एवढं त्यातून दिसतं.

आणि तारली ही गरिबाची मासळी. गोवा-कारवारहून बर्फाच्या पेट्यांतून येणारा माल बेळगावच्या बाजारात उतरतो, तेव्हा सुरमई-पापलेटकडं बघून पुढं जाणारा माणूस तारली नाहीतर बांगडा घेतो. माणसानं थेट खाण्याजोगा, पौष्टिक, स्वस्त मासा आपण कोंबडीला आणि तळ्यातल्या माशाला घालतो, आणि त्या कोंबडीचं जे उरतं ते नाल्यात टाकतो. हे गणित जिथून सोडवावं तिथून चुकलेलंच आहे. शेतीतले मासे आता थोडेथोडके नाहीत: जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०२२ साली पहिल्यांदाच जगात पाळलेल्या जलचरांचं उत्पादन पकडलेल्यांपेक्षा जास्त झालं, ९ कोटी ४४ लाख टन. त्यांना खायला घालायचं काय, हा प्रश्न समुद्राला विचारून सुटणार नाही.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, कारण कृषी प्रदर्शनातल्या स्टॉलवर ती कुणी सांगत नाही. आपल्या भागातलं बरंचसं मत्स्यपालन म्हणजे रोहू, कटला आणि मृगळ. कृषिभाग्य योजनेतल्या शेततळ्यात, जुन्या गावतळ्यात, किंवा ऊस पिकवून पिकवून खारवलेल्या, पाणथळ झालेल्या जमिनीत खोदलेल्या तळ्यात हेच मासे सोडतात. त्यांना भुईमुगाची पेंड आणि भाताचा कोंडा पुरतो, शेणखतानं पाण्यात हिरवळ आली की निम्मं काम होतं. अशा शेतकऱ्याला कोंबडीच्या कचऱ्यापासून केलेल्या पुडीची फारशी गरज नाही, आणि ती त्याच्या गळ्यात मारूही नये. गरज आहे ती पंगास, चिलापी, मरळ दाटीनं पाळणाऱ्यांना, आणि बोटुकली, म्हणजे माशांची बोटाएवढी पिल्लं, वाढवणाऱ्यांना. लहान वयाच्या माशाला प्रथिनं जास्त लागतात आणि ती पचणारी लागतात. दाट पालनात एकूण खर्चाचा निम्म्याहून अधिक वाटा खाद्यावर जातो. तो भाव मंगळूरच्या किनाऱ्यावर आणि पेरूच्या समुद्रात ठरत असेल, तर इथल्या तळ्याच्या मालकाच्या हातात काय राहिलं? मगुरीकडं माणूस वळतो तो या खर्चामुळं, त्याच्या अंगात गुन्हेगारी आहे म्हणून नव्हे.

शिजवून पूड करण्याला रेंडरिंग म्हणतात. प्रक्रिया साधी आहे, पण तिला शॉर्टकट नाही. माल बारीक करायचा, बंद भांड्यात वाफेवर शिजवायचा, पाणी उडवायचं, दाबून चरबी वेगळी करायची आणि राहिलेला चोथा दळायचा. या मालात साधारण दोन तृतीयांश पाणीच असतं, त्यामुळे शंभर किलोतून पंचवीस-तीस किलो पूड मिळाली तरी पुष्कळ. बाकीचा खर्च पाणी उडवण्याचा, म्हणजे जळणाचा. चांगल्या पुडीत ६० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात. रक्ताच्या पुडीत ८५ टक्क्यांच्या वर, आणि तिच्यात लायसीन हा प्रथिनातला गरजेचा घटक भरपूर असतो, जो वनस्पतीच्या प्रथिनांत कमी पडतो. हाडांतून फॉस्फरस येतो. अनेक जातींच्या माशांवर झालेल्या प्रयोगांत फिशमीलचा निम्मा आणि काही ठिकाणी त्याहून जास्त वाटा अशा पुडीनं भरून निघाला आहे.

पिसांची गोष्ट वेगळी. कागदावर पिसांत ८० टक्क्यांहून जास्त प्रथिन असतं, पण ते केराटिन, म्हणजे नखाचं आणि शिंगाचं प्रथिन. त्यातले गंधकाचे बंध इतके घट्ट असतात की नुसतं शिजवून दळलेलं पीस माशाच्या एका टोकानं आत जातं आणि दुसऱ्या टोकानं तसंच बाहेर येतं. ते पचायचं तर दाबाखालच्या वाफेनं फोडावं लागतं. आपल्या दुकानात पिसं कातडीसकट निघतात, चरबीत लडबडलेली, आणि आतड्यांबरोबर एकाच पिंपात. म्हणजे कारखान्यात वेगळं करायचं काम दुकानातच बिघडून बसलेलं असतं. दोन पिंपं ठेवली, एक पिसं-कातडीचं आणि एक बाकीचं, तर पुढचा निम्मा त्रास वाचतो. पुडीतल्या प्रथिनाचा आकडा पोत्यावर छापून फसवणूक करणं किती सोपं आहे हेही यातून लक्षात यावं. पिसं घुसडून आकडा फुगवता येतो. मासा मात्र वाढत नाही.

मग लोक घाबरतात कशाला? घाबरायला कारण आहे. १९८६ साली ब्रिटनमध्ये गायींच्या मेंदूला भोकं पाडणारा एक आजार ओळखला गेला. ‘मॅड काऊ’ म्हणून तो पुढं गाजला. गायींच्या खाद्यात गायी-मेंढ्यांच्या अवशेषांची पूड मिसळली जात होती, आणि आजार पसरवणारं ते बिघडलेलं प्रथिन, प्रायॉन, साध्या शिजवण्यानं मरत नव्हतं. १९८८ साली रवंथ करणाऱ्यांची पूड रवंथ करणाऱ्यांना घालायला बंदी झाली, १९९६ साली हा आजार माणसात उतरल्याचं ब्रिटिश सरकारनं मान्य केलं, आणि २००१ मध्ये युरोपीय संघानं पाळीव जनावरांच्या खाद्यातून प्राण्यांची पूड जवळजवळ पूर्ण हद्दपार केली.

ही गोष्ट सांगून बरेच लोक थांबतात. पुढचा भाग तितकाच महत्त्वाचा आहे. बारा वर्षांनी, जून २०१३ पासून, त्याच युरोपनं डुकरं आणि कोंबड्यांची पूड माशांच्या खाद्यात पुन्हा वापरायला परवानगी दिली. २०२१ साली कोंबडीची पूड डुकराला आणि डुकराची कोंबडीला चालेल असं ठरलं. अटी मात्र करड्या: रवंथ करणाऱ्या जनावरांचं काही नाही, कोंबडीचं कोंबडीला नाही, डुकराचं डुकराला नाही, आणि माल फक्त अशा जनावराचा जे माणसाच्या खाण्यासाठी योग्य म्हणून तपासून कापलं गेलं. आजारानं किंवा आपोआप मेलेलं जनावर खाद्यात येऊच शकत नाही. ज्यांना त्या आजाराची सगळ्यात जास्त झळ लागली, त्यांनी बंदी आंधळेपणानं ताणून धरली नाही आणि आंधळेपणानं उठवलीही नाही. मला यातली शिस्त आवडते. आपल्याकडं एकतर सगळ्यावर बंदी, नाहीतर सगळ्याकडं काणाडोळा.

आपल्या देशातला नियमही साधारण याच दिशेचा आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांत दुधा-मांसाच्या जनावरांना मांस-हाडांची पूड घालायला मनाई आहे, आणि त्यातून मासे, कोंबड्या आणि डुकरं वगळली आहेत. २०२५ मध्ये अमेरिकेशी व्यापाराची बोलणी चालली होती तेव्हा ‘नॉन-व्हेज दूध’ हा शब्द वाहिन्यांवर दिवसभर गाजत होता. तो वाद याच गोष्टीचा, मांसाची पूड खाल्लेल्या गायीच्या दुधाचा. तिथं सरकार ठाम राहिलं ते बरोबरच झालं. पण त्या गदारोळात एक साधी गोष्ट हरवली: गाय गवत खाणारी आहे, मरळ दुसरे मासे खाणारी आहे. दोघींना एकच नियम लावायचा नसतो.

म्हणून माझी पहिली अट: या भागात फक्त कोंबडी. म्हैस नको, बकरं नको, डुक्कर नको. कर्नाटकाच्या २०२० च्या गोवंश कायद्यानं तेरा वर्षांवरच्या म्हशी-रेड्यांखेरीज कुठलंही मोठं जनावर कापायला मनाई आहे, त्यामुळे मोठ्या जनावराचा माल जिथं येईल तिथं तो कुठला, कायद्यातला की कायद्याबाहेरचा, ही शंका येणारच. आणि सीमाभागात शंकेला दंगलीचं रूप यायला वेळ लागत नाही. डुक्कर घातलं तर मुसलमान गिऱ्हाईक मासा घेणार नाही, आणि का घ्यावा? शास्त्राच्या दृष्टीनं यातल्या काही गोष्टी चालतील, समाजाच्या दृष्टीनं नाही. कोंबडीचा एवढा माल पडलेला असताना हा उद्योग कशाला?

दुसरी अट जास्त महत्त्वाची आहे आणि ती मोडण्याचा मोह सगळ्यात मोठा असणार: पोल्ट्रीवर मेलेली कोंबडी यात येता कामा नये. हजारो पक्ष्यांच्या शेडमध्ये रोज काही मरतातच. उन्हाच्या झळेनं एका दुपारी शेकडो मरतात. बर्ड फ्लूसारख्या साथीत तर विचारू नका. हा ‘मर’ शेतकऱ्यानं खड्ड्यात पुरायचा असतो; प्रत्यक्षात तोही टेम्पोवाल्याला दिला जातो, दोन पैसेही मिळतात. कारखाना निघाला की हाच माल मागच्या दारानं आत येऊ पाहील, कारण तो फुकट असतो आणि एकगठ्ठा मिळतो. शिजवल्यावर जंतू मरतात, पण औषधांचे अंश सगळे जात नाहीत, आणि कुजलेल्या मांसात हिस्टामाइनसारखी जी द्रव्यं तयार झालेली असतात ती उष्णतेला दाद देत नाहीत. नासलेलं दूध उकळून चांगलं होत नाही, हे कुठल्याही घरात माहीत असतं. पोल्ट्रीच्या मरासाठी जाळण्याची नाहीतर खताची वेगळी सोय लागेल, तिचा खर्च वेगळा. तो या योजनेत दडवू नये.

शाकाहारी शेजाऱ्यांचा आक्षेप मी हलक्यानं घेत नाही. निपाणी, चिकोडी, अथणीच्या गावांतून जैन आणि लिंगायत शेतकरी मोठ्या संख्येनं आहेत, त्यांच्या बांधाला लागून असा कारखाना उभा राहिला तर ते विरोध करतील. त्यांच्याशी युक्तिवाद करायचा तर तो हिंसा-अहिंसेचा नको. ही कोंबडी आपण कापायला सांगत नाही, ती कापली गेलेली आहे; तिचं आतडं तुमच्या विहिरीकडं जाणाऱ्या ओढ्यात पडावं की नाही एवढाच मुद्दा. बेळगावात वडगाव-शहापूरच्या शिवारातून जाणारा बळ्ळारी नाला पावसाळ्यात फुगला की बासमतीच्या शेतात काय काय येतं, ते तिथल्या शेतकऱ्याला विचारा. शाकाहारी माणसाच्या भातातही आपला कचरा जातोच आहे. आणि खाद्याच्या पोत्यावर ‘कोंबडीची पूड’ असं मराठीत आणि कन्नडमध्ये ठळक छापलं पाहिजे. आज पोत्यावर प्रथिनं, स्निग्धांश, ओलावा यांचे टक्के असतात. ते प्रथिन कुणाचं हे क्वचितच असतं. मासे विकत घेणाऱ्यालाही विचारलं तर सांगता आलं पाहिजे. कोंबडीच्या चरबीवर वाढलेल्या माशात ओमेगा-३ कमी असतं, हेही सांगावं. ते हवं असेल तर तारली खा, ती स्वस्त पडते.

वासाचा आक्षेप मात्र खरा आणि रास्त आहे. तुरमुरीच्या कचराडेपोबद्दल तिथल्या गावकऱ्यांच्या तक्रारी जुन्या आहेत, त्यांना ‘आणखी एक प्रकल्प’ म्हणून सांगायला गेलात तर दार लावून घेतील आणि त्यांचं बरोबर असेल. पण या कामात घाण सुटते ती मुख्यतः शिळ्या मालाची. संध्याकाळी कापलेलं रात्रीत शिजलं तर वास आटोक्यात राहतो, वाफ गाळून-थंड करून सोडली तर आणखी कमी होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी शिजवलेल्या मालाचा वास कुठल्याही चिमणीनं जाणार नाही. त्यामुळे सगळा प्रश्न दुकानातल्या थंड पेटीवर येऊन ठेपतो. केरळनं नेमकं हेच ओळखलं: तिथं जिल्ह्याजिल्ह्यांत रेंडरिंगचे कारखाने जोडले गेले, दुकानात माल गार ठेवण्याची सक्ती झाली, गाडी ठरलेल्या वेळी येते आणि दुकानदार किलोमागे ठरलेली रक्कम भरतो. आपण केरळची इतर अनेक गोष्टींत तारीफ करतो, ही गोष्ट उचलायला हरकत नसावी. मत्स्यसंपदा योजनेत खाद्याच्या गिरणीला ४० टक्के, आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना ६० टक्के अनुदान आहे. पण गिरणी हे शेवटचं टोक. ज्या निळ्या पिंपापासून सगळं सुरू होतं, त्या पिंपाचा विचार आधी.

आणि ते पिंप उचलणार कोण? योजनांच्या कागदांत हा प्रश्न नसतो, कारण उत्तर सगळ्यांना माहीत असतं. एप्रिल १९२५ मध्ये निपाणीला बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृतांची प्रांतिक परिषद भरली होती. दोन वर्षांनी महाडला त्यांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं, आणि गावोगावच्या लोकांनी मेलेलं जनावर ओढणंही सोडलं. त्यासाठी त्यांना मार खावा लागला, गावचं पाणी-किराणा बंद झालं. शंभर वर्षांनी आपण ‘टिकाऊ’ आणि ‘हरित’ अशी विशेषणं लावून तेच काम त्याच वस्त्यांतल्या पोरांना, रोजंदारीवर, हातमोज्यांशिवाय देणार असू, तर मी या कारखान्याच्या विरोधात उभा राहीन. पिंप उचलायला गाडीला मागं लिफ्ट हवी, कामगाराला पगारपत्रक हवं, कारखान्यात आंघोळीची सोय हवी. हे निविदेतच लिहिलं पाहिजे. नंतर बघू म्हटलं की ते होत नाही.

जागेबद्दल माझं मत स्पष्ट आहे: एकट्या निपाणीचा, एकट्या चिकोडीचा किंवा अथणीचा माल एका कारखान्याला पुरणार नाही. बॉयलर पेटवायचा तर रोज काही टन लागतात, नाहीतर जळण अंगावर येतं. जळण हा इथला जमेचा भाग आहे, ऊसपट्ट्यात बगॅसचं, म्हणजे उसाच्या चिपाडाचं, ब्रिकेट मिळतं. पण मालाचं क्षेत्र आखायचं तर ते राष्ट्रीय महामार्ग ४८ धरून आखावं लागेल: बेळगाव, यमकनमर्डी, संकेश्वर, निपाणी, आणि मग पुढं कागल. इथं कोगनोळीचा नाका आडवा येतो. पलीकडं महाराष्ट्राचं प्रदूषण मंडळ, अलीकडं कर्नाटकाचं. आपण सीमाप्रश्नावर १९५६ पासून भांडतोय, ते भांडण खरं आहे आणि मी त्यात कुठल्या बाजूला आहे हे हा लेख कुठल्या भाषेत आहे त्यावरून कळेल. पण दूधगंगा आणि वेदगंगा कोल्हापूर जिल्ह्यातून उतरून इकडं येतात, इकडच्या कोंबड्या घाट उतरून गोव्याला जातात, आणि मगुरीचा टेम्पो नाक्यावर थांबत नाही. दोन्ही राज्यांच्या नगरपालिकांनी एका कारखान्याशी करार करायला कुठल्याही दाव्याच्या निकालाची वाट बघावी लागत नाही.

सुरुवात करायची तर मी महापालिकेच्या परवान्यापासून करीन. चिकन सेंटरच्या परवान्याचं दरवर्षी नूतनीकरण होतं. त्या अर्जाला वर्षभर माल कुणाला दिला त्याच्या पावत्या जोडण्याची सक्ती करा. पावती नाही, तर परवाना नाही. आत्ता रात्री येणारा जो टेम्पोवाला आहे, त्याला हाकलू नका. कुठल्या गल्लीत किती वाजता किती माल निघतो हे शहरात त्याच्याइतकं कुणालाच माहीत नाही. त्याला बंद पेटीची गाडी आणि लेखी करार द्या, तोच माल कारखान्यावर नेऊ दे. आणि दुकानदारानं भरायची किलोमागची रक्कम शेवटी गिऱ्हाइकाच्याच खिशातून जाणार, हे उघड बोला. चिकनचा भाव श्रावणात आणि श्रावणानंतर केवढा वर-खाली होतो, तो आपण मुकाट्यानं देतो. त्यात किलोमागे दोन-तीन रुपये पिंपाचे म्हणून वाढले, तर ते मागायला नगरसेवकानं घाबरायचं कारण नाही.